तळ बुजवलेल्या कुंडाची कैफियत

मी एक जुनं कुंड आहे मित्रांनो, गरम पाण्याचं. पांढरकवड्याहून जंगलाकडे निघालात की आधी डांबरी रस्ता संपतो, मग बैलगाडीची वाट संपते, आणि पुढे अभयारण्याच्या हद्दीला लागून तासभर टेकडी चढावी लागते. इतकं चालून माझ्याकडे कोणी हौसेने येत नाही. येणाऱ्याचं काहीतरी दुखत असतं.

मला भुरीबाईच्या सासऱ्याने बांधलं. भुरीबाई खालच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. वाळूतून ऊन पाणी बुडबुडत वर यायचं, त्याभोवती त्याने नुसते दगड रचले. चुना नाही, माती नाही. तळाला तर त्याने हातही लावला नाही. एक नियम मात्र घालून दिला. पाण्यात पाय टाकायच्या आधी प्रत्येकाने तळातला ओंजळभर गाळ काढून बाहेर टाकायचा. पाटील असो की पाहुणा, सूट कोणालाच नाही. म्हणून माझं तोंड कधी बुजलं नाही.

भुरीबाईचे गुडघे थंडीत आखडतात. दर सोमवारी ती काठी टेकत चढून यायची, तासभर पाय सोडून बसायची आणि उतरताना काठी काखेत मारून जायची. त्याच पायांवर तिचं आठवडाभर कापूस वेचणं चालायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मग धर्मपाल आला. पांढरकवड्याचा ट्रक डायव्हर. अपघातात कंबर गेलेली, चौघांनी खाटेवर घालून आणलेला. त्याला वाकता येईना, तेव्हा त्याच्या वाटचा गाळ भुरीबाईने काढला. तीन महिने तो येत राहिला. पुढे पुढे स्वतः वाकू लागला, तळाशी बोटं पोळली की हसायचा. शेवटच्या दिवशी आपल्या पायांनी चढून आला आणि माझ्या काठावर डोकं टेकून म्हणाला, "तुनं मले उभं केलं. जिंदगीभर भुलनार नाही."

मी भोळं. विश्वास ठेवला.

गेल्या दिवाळीनंतर तो परत आला. सोबत माणसं, सिमेंटच्या गोण्या आणि पाणी उपसायचं इंजिन. भुरीबाई तेव्हा पाण्यातच बसली होती. त्याने तिला हात धरून बाहेर काढलं.

"आजी, आता पाहाच. असं कुंड बांधतो का नागपूरचे लोक येतीन."

"बांध ना बाबू. पन खाली सिमिट नोको टाकू. पानी खालूनच येते, तुले मालूम हाय."

"चिखल पाहून कोनी उतरत नाही, आजी. बाजूले पाइप ठेवून राह्यलो ना. तिथून येईन पानी."

दोन दिवस इंजिन चाललं आणि माझा तळ गुळगुळीत झाला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. या बहाद्दराने तर वैद्याला गिलावा करून मारलं. काठावर निळ्या फरश्या बसल्या, एकीवर त्याचं नाव आलं. नारळ फुटला, फोटो निघाले, लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. पाइपातून मात्र थेंब आला नाही. आठवड्याने अवकाळी पाऊस झाला आणि त्याचं गार पाणी माझ्यात साचलं.

लोक विचारू लागले. तेव्हा धर्मपाल काय म्हणाला, ठाऊक आहे? "झऱ्यातच दम नवता. आटला तो."

सिमेंटचं मी सोसलं असतं, मित्रांनो. चूक कोणाचीही होते. पण ज्या पाण्यात त्याची कंबर सरळ झाली, त्याच पाण्याला तो चारचौघांत खोटं पाडून गेला. हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या सोमवारी भुरीबाई आली. पाय सोडले आणि लगेच काढून घेतले. बोटांनी तळ चाचपत राहिली, मग बसत बसत टेकडी उतरली. आणखी दोनदा आली. संक्रांतीपासून आलेली नाही. सरपणाला आलेल्या बाया परवा बोलत होत्या, ती आता अंथरुणातून उठत नाही म्हणे.

मित्रांनो, मी आटलेलं नाही. सिमेंटखाली पाणी अजून तसंच ऊन आहे, मला खालून चटके बसतात. तुम्ही कोणाचं भलं करायला निघालात, तर ज्याला त्याची रोजची गरज आहे त्याला आधी विचारा. आणि कधी इकडे आलात तर फुलं नकोत, अगरबत्ती नको. एक सब्बल आणा, चांगली जड लोखंडी पहार. मधोमध घाव घाला, माझी पर्वा करू नका. मग खाली पोडावर जा आणि भुरीबाईला उचलून वर आणा.