नरसिंगचा बिल्ला

माझं डोकं गरम हाय, हे धरणाखालच्या सगळ्या पावर हाऊसला ठाऊक हाय. तीस वर्षं मशीनवर काढली, त्यातली निम्मी भांडण्यात गेली. पण एका दिवसाचं भांडण मी कुणालाबी सांगतो, अन् लई आनंदानं सांगतो.

लातूर जिल्हा झाला त्या दिवसाची गोष्ट. ऑगस्ट आला तरी पाऊस न्हाई. धरणात तळाला पाणी. आठवड्यातून एकदा, चार तास, कालव्याला पाणी सोडायचं, तेबी पिण्यापुरतं. पाण्याची दुसरी वाट गाळानं बुजली होती, म्हणून पाणी मशीनच्या पाइपातूनच जायचं. मी मोठं चाक फिरवायचं, झडप उघडायची, मशीन फिरून पाणी कालव्यात.

आमच्याकडं एक रीत होती. पाइपात साफसफाईला उतरणाऱ्यानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्या चाकाला अडकवायचा. बिल्ला हाय तोवर चाकाला कुणी हात लावायचा न्हाई. अन् काढायचा तो ज्याचा त्यानंच. बापाचाबी पोरानं काढायचा न्हाई.

आठला मी ड्युटीवर आलो तर चाकाला बिल्ला. नरसिंगचा. नरसिंग आमचा फिटर, माझा जुना दोस्त. पहाटे पाइपातला काडीकचरा काढायला उतरला होता.

वॉचमन केरबा म्हणला, "नरसिंग कवाच भाईर आला. सातच्या गाडीनं लातूरला गेला, जिल्ह्याचा सोहळा बघायला. म्या पळताना बघितला."

केरबाला एका डोळ्यानं कमी दिसतं. मी टॉर्च घेऊन पाइपाच्या तोंडाशी गेलो, घसा बसेस्तोवर हाका मारल्या. उत्तर न्हाई. पण पुढं पाइपाला वळण हाय. वळणापल्याड कुणी घसरून पडलं असलं तर मला कसं कळावं?

नऊला पाणी सोडायचं होतं. साडेनऊ झाले, दहा झाले. कालव्याच्या कडंला बायका घागरी घेऊन उभ्या. मग डिप्टी इंजिनिअर मन्मथप्पा साहेब जीपनं आले.

"साहेबराव, काय करून राहिलात? खाली चार गावं तहानली हायत. खोला."

"बिल्ला हाय साहेब."

"तो माणूस लातूरला गेलाय म्हणतात ना?"

"म्हणतात. वळणावर निसरडं हाय, मला एकट्याला जमायचं न्हाई, अन् केरबाला धड दिसत न्हाई. तुम्ही संगं येता का, वळणापल्याड बघून येऊ?"

साहेबांनी आपल्या पांढऱ्या पँटीकडं बघितलं. "मी तुम्हाला सस्पेंड करीन," म्हणले.

"करा. चाक मी फिरवत न्हाई. तुम्हाला फिरवायचं तर हे घ्या." मी बाजूला सरलो.

खरं सांगतो, घरी बायको पंचशीला अन् तीन लेकरं, नोकरी गेली तर आमच्या गावी हदगावला जाऊन काय करणार होतो? साहेबांनी चाकावर हात ठेवला. बिल्ला त्यांच्या मनगटाला लागला. हात काढून घेतला अन् ड्रायव्हरला ओरडले, "जा, अहमदपूरच्या स्टँडवर बघ."

तेवढ्यात बायकांतली एक तणतणत आत आली. धुरपताबाई, नरसिंगची बायको. आत काय चाललंय तिला ठाऊक न्हवतं. "भावजी, माणूस हाव का दगड? सकाळधरनं लेकरं पाण्यावाचून हायती, अन् तुम्ही..."

तिचं लक्ष बिल्ल्याकडं गेलं. तिला वाचता येत न्हाई. पण दर रविवारी तोच बिल्ला ती चिंचेनं घासते.

"आत हायत का ते?"

"केरबा म्हणतो न्हाईत. मला ठाऊक न्हाई, वहिनी."

ती रिकामी घागर मांडीवर घेऊन पायरीवर बसली. "मग उघडू नका," म्हणली. साहेब ऐकत होते. त्यांनीबी खुर्ची ओढून घेतली.

साडेबाराला जीप आली. नरसिंग स्टँडवरच सापडला होता. लातूरच्या सगळ्या गाड्या सोहळ्याच्या गर्दीनं भरून गेलेल्या, अन् हा पठ्ठ्या भजी खात बसलेला. गाडी गाठायच्या घाईत बिल्ला विसरला होता. मान खाली घालून आला, बिल्ला काढला, खिशात घातला. मी त्याला आईबहिणीवरनं काय काय बोललो ते इथं सांगत न्हाई. मग चाक फिरवलं. मशीन घुमायला लागली, कालव्यात पाणी पडलं. साडेतीन तास उशिरानं, पण सगळ्यांच्या घागरी भरल्या. सस्पेंडचं साहेबांनी परत नाव काढलं न्हाई.

संध्याकाळी धुरपताबाई आमच्या घरी भाकरी अन् पिठलं घेऊन आली. मला वाटलं, नवऱ्याच्या चुकीची माफी मागायला आली.

"भावजी," ती म्हणली, "धा वर्षं झाली. ते पाइपात उतरले की मला घास गिळवत न्हवता. वाटायचं, वर कुणी चाक फिरवलं तर? आज माझ्या डोळ्यानं बघितलं. आता मी जेवत जाईन."

पंचशीलानं डोळ्याला पदर लावला. मग धुरपताबाई उठली, खुंटीला टांगलेल्या माझ्या शर्टाच्या खिशातनं माझा काळा पडलेला बिल्ला काढून घेऊन गेली, अन् दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासून आणून दिला.