भट्टीखालची काच

लोणावळ्यात स्टेशनच्या खालच्या अंगाला भट्टी आळी आहे. घाटातल्या इंजिनांवर काम करणाऱ्यांची ही जुनी वस्ती, आणि तिला नाव पडलं ते तिथल्या बेकरीवरून. बेकरी हुमेराच्या पणजोबांनी काढली. आता ती हुमेरा चालवते. चौतिशीची, अंगानं बारीक, बोलायला थेट. तिचे वडील चाँदभाई गुडघ्यांनी बेजार, म्हणून दुकानात पुढे बसून असतात. दिवाळीच्या आधी आळीतल्या बायका नानकटाईचे पत्रे भरून आणतात आणि भट्टीसमोर ओळीनं मांडतात. ईदच्या आधीही तसंच. प्रत्येक पत्र्यावर खडूनं नाव लिहिलेलं असतं.

गेल्या सप्टेंबरात भट्टीचा तळ मधोमध खचला. पाव एका बाजूनं करपायला लागले आणि दुसऱ्या बाजूनं कच्चे राहायला लागले. हुमेराचा भाऊ नवाज चाकणला कंपनीत असतो. त्यानं फोनवर सांगितलं की भट्टी पाडून टाक आणि विजेची घे. विजेची एक हुमेराकडे होतीच, केकसाठी. तिच्यात एका वेळी चार पत्रे मावत. दिवाळीच्या आठवड्यात आळीचे दीडशे पत्रे कुठे भाजायचे, असं तिनं त्याला विचारलं. तळ नव्यानं घालायचा, असं तिनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

पण घालणार कोण? गावातल्या दोन गवंड्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हे आपलं काम नाही म्हणाले. चाँदभाईंना आठवत होतं, ते सहा वर्षांचे असताना कान्हे गावच्या एका गवंड्यानं तळ घातला होता. हुमेरा लोकलनं कान्ह्याला गेली. तो गवंडी कधीच वारला होता, पण त्याचा मुलगा धोंडिबा भेटला. ऐंशीच्या घरातला, पण नजर तल्लख. वडिलांच्या हाताखाली त्या कामावर आपण होतो, असं त्यानं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी बघायला आला. तोंडाशी बसून त्यानं आत हात घातला, विटा चाचपल्या.

"आत शिरायला माजी कंबर आता वाकत न्हाई," तो म्हणाला. "मी हितं बसून सांगतो. तू आत जा. तुला जमंल."

हुमेरानं ओढणी कमरेला खोचली आणि आत शिरली.

वरच्या विटा काढल्या तर खाली वाळू लागली, आणि वाळूखाली काच. वीतभर जाडीचा फुटक्या काचेचा थर, मिठात मिसळलेला. धोंडिबाला त्याचं नवल वाटलं नाही. काच आणि खडे मीठ ऊब धरून ठेवतं, जमिनीत मुरू देत नाही, एवढं त्यानं समजावलं आणि सगळं बाहेर काढायला सांगितलं. दुपारपर्यंत घमेल्यांची रांग लागली. गोटी सोड्याच्या बाटल्यांचे गळे, औषधाच्या बाटल्या, कंदिलाच्या काचा, बांगड्या, रेल्वेच्या दिव्याची हिरवी काच.

बातमी ऐकून अरुंधतीबाई आल्या. अर्ध्या आळीला त्यांनी शाळेत इतिहास शिकवलेला, हुमेरालाही. निवृत्तीनंतर त्या आळीचा इतिहास लिहीत होत्या आणि कागदपत्रं फारशी मिळत नाहीत म्हणून त्रासल्या होत्या. त्यांनी पायरीवर बसून एकेक तुकडा पदरानं पुसायला सुरुवात केली. मग म्हणाल्या, हे सगळं वाचनालयाच्या कपाटात मांडू, नावं लिहून.

हुमेरानं नाही म्हटलं. काच परत तळाखाली जाणार होती.

बाई रागावल्या. शंभर वर्षांचा पुरावा हाती आला आहे आणि तू तो पुन्हा पुरणार, असं त्यांनी सुनावलं. हुमेरा घाम पुसत त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाई, ही काच कुणी आठवण म्हणून ठेवली नव्हती. पाव भाजायला ठेवली होती. मला पाव भाजायचाय."

पण भट्टीच्या घुमटाच्या भेगा लिंपून सुकेपर्यंत तीन दिवस जाणारच होते. तेवढे दिवस काच तुमची, असं तिनं बाईंना सांगितलं.

मारुतीच्या देवळाच्या ओवरीत चादरी अंथरून काच मांडली गेली. लोक कामावरून येता-जाता थांबायला लागले आणि थांबले की बोलायला लागले. कुठली बाटली कुठल्या डॉक्टरची, सोड्याचं दुकान कुठे होतं, प्लेगात आळी रिकामी झाली तेव्हा भट्टी कोणी चालू ठेवली. बाईंची वही भरत गेली. दुसऱ्या दिवशी चाँदभाई काठी टेकत आले आणि एका निळ्या बाटलीच्या तुकड्यापाशी थबकले. ती त्यांच्या आईची सुरम्याची बाटली होती. तळ घालताना आईनं ती स्वतः आत टाकलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी तुकडा उचलला आणि खिशात घातला.

"वडिलांसाठी नियम मोडतेस म्हणजे," बाई हुमेराला म्हणाल्या.

हुमेरा जराशी ओशाळली. मग तिनं सरळ जाहीर केलं की ज्याला आपल्या घरची वस्तू ओळखता येईल त्यानं ती न्यावी. तिघांनी नेल्या. निवृत्त गार्ड दिगंबरराव हिरवी काच बराच वेळ उजेडात धरून उभे होते. वडिलांच्या दिव्याची असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या, खालीच बरी आहे, असं म्हणून त्यांनी ती परत ठेवली.

काच कमी पडणार होती. हुमेरानं शब्द टाकला आणि आळी घरं उपसायला लागली. लोणच्याच्या फुटक्या बरण्या आल्या, टीव्हीच्या कपाटाचं दार आलं, मोबाइलचे तडकलेले पडदे आले. ते मात्र धोंडिबानं परत पाठवले. अरुंधतीबाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फुटक्या परीक्षानळ्यांचं खोकं आणून भट्टीपाशी ठेवलं. अजून त्या घुश्शातच होत्या.

"बाई, वही आणलीय ना?" हुमेरानं विचारलं. "धोंडिबाआबा सांगतील ते लिहून घ्या. मागच्या वेळी कुणी लिहिलं नाही, म्हणून मला कान्हे गाठावं लागलं. आबा नसते तर भट्टी गेली असती."

बाईंनी वहीचं नवं पान उघडलं.

काम चार दिवस चाललं. हुमेरा पोटावर पडून विटा बसवत होती, धोंडिबा तोंडाशी स्टुलावर बसून सांगत होता, आणि बाई शेजारी बसून लिहीत होत्या. मीठ किती, काच किती बारीक, वाळू कुठली, विटेला उतार किती. तिसऱ्या दिवशी एक ओळ केसभर वर आली. धोंडिबानं ती आणि तिच्या पुढच्या दोन उचलायला लावल्या. हुमेरानं उचलल्या.

मग आठ दिवस नुसता मंद जाळ. धोंडिबानं तळावर मूठभर पीठ फेकून बघायला शिकवलं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव लावायचा. पहिला घाणा बुडाला पांढराच राहिला आणि आळीनं तो चहात बुडवून निमूट खाल्ला. तिसरा घाणा बाहेर आला तेव्हा चाँदभाईंनी एक पाव फोडला, बोटानं बूड वाजवून पाहिलं आणि धोंडिबापुढे धरला.

"व्हय," धोंडिबा म्हणाला. "आता कुनाच्या पत्र्याला न्हाई म्हनायचं कारन न्हाई."

त्या दिवाळीत एकशे बासष्ट पत्रे भाजले गेले.

बाईंची पुस्तिका जानेवारीत निघाली. तिच्यातली अकरा पानं तळ कसा घालायचा याचीच होती, आकृत्यांसकट. फेब्रुवारीत तळेगावहून एक बेकरीवाला ती पुस्तिका हातात घेऊन भट्टी आळीत आला. त्याचाही तळ खचला होता. वाचून सगळं कळत नाही, म्हणाला. पुढच्या रविवारी हुमेरा, धोंडिबा आणि अरुंधतीबाई तिघंही तळेगावला गेली. हुमेरा भट्टीच्या तोंडाशी बसली, आणि आत शिरली ती त्या घरची सून.