खाणीसाठी दुवा

दुवा देताना खाणीचं नाव घ्यायला मात्र विसरू नका, असं नुर्झामालने चहाचा वाडगा खाली ठेवता ठेवता सांगितलं. म्हाताऱ्या सुयुनालीने तिच्याकडे न बघता पाव मोडला.

खाण कंपनीची ही बाई राजधानीतून, बिश्केकहून आली होती. बोलायला गोड. वसंतात खाणीच्या सांडपाण्याच्या तळ्यातला विषारी गाळ ओढ्यात उतरला, घोड्यांची शिंगरं मेली, तेव्हा ती कुठे दिसली नव्हती. मग कंपनीने शाळेला निळा रंग दिला, दवाखान्याला खुर्च्या दिल्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर आपलं नाव चिकटवलं. आता खाणीला कर्ज देणारे परदेशी बँकवाले येणार होते. खुर्च्यांवर त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांना खूश गाव बघायचं होतं. आणि या दरीत गाव म्हणजे सुयुनाली. मेंढ्या मोजक्या, छप्पर गळकं, पण जेवण आटोपून त्याने तळवे उघडले की सगळी दरी तळवे उघडायची. दिलेली दुवा परत घेता येत नाही, म्हणून तो ती तोलून द्यायचा. घोडेचोराच्या लग्नात दातदुखीचं निमित्त करून तो घरीच बसला होता.

या खेपेला दात कामी येणार नव्हता. ओढ्याबद्दल तोंड उघडलं म्हणून त्याच्या मुलाला, मिर्लानला, खाणीने घरी बसवलं होतं आणि सुनेचे दिवस भरत आले होते. नुर्झामालने यातलं काही काढलं नाही. मिर्लानची जागा अजून रिकामी आहे, एवढंच जाताना म्हणाली.

"नका जाऊ बाबा," मिर्लान म्हणाला. "मी मॉस्कोला जाऊन बर्फ उपसतो."

"आणि आम्ही इथं तुझा फोटो बघत बसू," त्याची आई फणकारली. "चार शब्द तर बोलायचेत यांना."

"चारच आहेत माझ्याकडे," सुयुनाली म्हणाला.

तो गेला. कंपनीच्या पांढऱ्याशुभ्र तंबूत, उकडलेल्या मटणासमोर त्याने तळवे उघडले, खाणीचं नाव घेतलं, तिची चूल कधी न विझो म्हणाला आणि तोंडावरून हात फिरवले. बँकवाल्यांनीही फिरवले, तोंड धुतल्यासारखे. तो फोटो कंपनीच्या अहवालात पहिल्या पानावर आला. मिर्लान कामावर रुजू झाला.

गावात कुणी वाकडा शब्द काढला नाही. शरदात शेजाऱ्याच्या नातवाचं बारसं झालं, तेव्हाही सुयुनालीला दारासमोरची मानाची बैठक दिली, मेंढीचं डोकं त्याच्याच पुढ्यात ठेवलं. जेवण आटोपलं. त्याने तळवे उघडले.

बाकीची मंडळी ट्रॅक्टरवाल्या जुमाकडे वळली होती. जुमा वयाने कितीतरी लहान, दुवा देताना अडखळत होता. सगळे त्याच्यासाठी तळवे उघडे धरून थांबले. शेवटी आमीन झालं. सुयुनालीनेही म्हटलं.

सगळ्यांचे हात तोंडावरून खाली आले. त्याचे काही वेळ तिथेच राहिले.