घोडीच्या पुढे

“आजून बाहेर सरक,” मच्छिंद्र म्हणाला, तशी त्याची बायको गोजरबाई नावेच्या उजव्या डोणीच्या पार कडेला सरकली. डाव्या बाजूची डोण पुन्हा पाण्यावर सपाट झाली. काठावर, वरच्या महादेवाच्या देवळापाशी रामराव देशमुखांनी घोडीला टाच मारली आणि मच्छिंद्रने शीड ताणलं.

घनसावंगीच्या खालच्या अंगाला गोदाकाठी मच्छिंद्र नाव चालवायचा. तरुणपणी मुंबईच्या बंदरात हमाली करताना त्याने शिडांची गलबतं पाहिली होती. परत आला तो एकच ध्यास घेऊन. गोदावरीवरून कुणी गेलं नसेल इतक्या वेगानं जायचं. महादेव ते खालचा घाट, एवढ्या टप्प्यात रामरावांच्या घोडीला आजवर कुणी मागे टाकलं नव्हतं. तिलाच हरवायचं होतं. त्याची पहिली नाव उलटली. दुसरीची डोलकाठी मोडून खांद्यावर पडली, तेव्हापासून त्याचा डावा हात वर जात नव्हता. ही तिसरी. दोन अरुंद डोण्या, मध्ये आवळलेले बांबू, वर मांजरपाटाचं शीड. वाऱ्याने ती एका अंगाला कलायची, म्हणून दुसऱ्या अंगाला वजन हवं होतं. गावात कुणी बसायला तयार होईना. गोजरबाईला पोहता येत नव्हतं, पण आपण नाही म्हटलं तर हा एकटाच जाईल, हे तिला ठाऊक होतं.

आषाढातला वारा शिडात भरला. काठावरच्या बाभळी मागे पळू लागल्या. घोडी बरोबरीने होती, मग जरा मागे पडली. मच्छिंद्र हसला. त्याला असं हसताना तिने किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या गुडघ्याजवळचा अंबाडीचा दोर उलगडू लागला. बांबू सरकले. दोन डोण्यांमधलं पाणी रुंद होत चाललं. सांगावं तर हा थांबेल, आणि न सांगावं तर? तिने दोराचं टोक दोन्ही तळव्यांना गुंडाळलं आणि पाय रोवून ओढून धरलं. दोर कातडीत रुतला. तिने दात आवळले. घाट दिसू लागला होता, माणसांचे पटकेसुद्धा ओळखू येत होते.

मच्छिंद्रने मान वळवली.

“हाताला रगत कशाचं?”

“काही न्हाई. तुम्ही फुडं बघा.”

त्याने दोर पाहिला. मग एकदा घाटाकडे पाहिलं, आणि शिडाची दोरी सोडून दिली.

शीड फडफडलं. नाव मंदावली. काठावरून घोडी टापा वाजवत पुढे निघून गेली. मच्छिंद्र सरपटत तिच्यापाशी आला, तिच्या हातातला दोर घेऊन त्याने बांबू पुन्हा आवळले आणि वल्ह्याने नाव घाटाला लावली.

माणसं भोवती जमली. गोजरबाईने हात पदराखाली घेतले. रामरावांनी घोडीवरून उतरून विचारलं, जिंकत आला होतास, मधेच काय झालं?

“वारा पडला,” मच्छिंद्र म्हणाला.

सगळ्यांची धोतरं वाऱ्याने पायांना चिकटत होती. कुणीतरी हसलं. गोजरबाई बोलायला गेली, पण मच्छिंद्रने नजरेनेच तिला अडवलं. रामरावांनी एकवार तिच्या पदराकडे पाहिलं आणि घोडीचा लगाम धरून ते निघून गेले.

दिवस मावळता त्याने तिच्या तळव्यांना हळद भरली, फडकं बांधलं. मग भाकरी दुधात कुस्करून तिच्यासमोर बसला. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, “हात बरे होऊ द्या. मी आजून एकदा बसते.”

मच्छिंद्रने ताटलीत बोटं फिरवली.

“आधी जेव,” म्हणाला, आणि त्याने पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.