रंगावर बांधलेली तार

मित्रांनो, रोज हजारो पावलं माझ्या अंगावरून जातात, तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. तुडवून घेणं हेच माझं काम! मी फुटपाथवरचं एक जुनं लोखंडी झाकण आहे. माझ्या खालच्या खड्ड्यातून चौकातल्या सिग्नलच्या विजेच्या तारा जातात.

भट्टीत वितळलो, साच्यात गार झालो आणि इथे आलो. पहिल्याच दिवशी वायरमनकाकांनी माझ्या पोटाला एक हिरवी तार बोल्टने आवळली. "ही अर्थिंगची तार बरं का. चुकून तुझ्यात वीज उतरली, तर हिच्या वाटेने निघून जाईल. माणसाला धक्का बसायचा नाही," असं ते मलाच सांगत होते. कामाशी गप्पा मारायची त्यांना सवयच आहे.

माझ्या शेजारी फुलवाल्या मावशी बसतात. त्यांची पत्र्याची बादली माझ्यावर, अनवाणी पायही माझ्यावरच. दिवसभर पाणी सांडतं आणि दिवसभर त्यांची बडबड चालते. मला ती फार आवडते.

एकदा रंगारी आले. त्यांनी तार सोडली, मला दोन्ही बाजूंनी काळाभोर रंग दिला आणि तार पुन्हा घट्ट आवळली. "नवरदेवच दिसतोय की!" मावशी म्हणाल्या. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो!

दुसऱ्या दिवशी काका तपासणीला आले. मला उलटं करून त्यांनी मीटर लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मावशी, इथे पाय ठेवू नका."

"अहो, तार तर बांधलीय चांगली!"

"बांधलीय, पण रंगावर. रंगातून वीज जात नाही. वरचा रंग तर पायांनी झिजणारच. मग उद्या काही झालं, तर ती तुमच्या पायांतून जाईल."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! माझी सगळी ऐट उतरली. काकांनी कानशीने बोल्टभोवतीचा रंग खरवडला. मला गुदगुल्या होत होत्या. लोखंड लख्ख दिसल्यावरच त्यांनी तार आवळली आणि पुन्हा मीटर लावून पाहिलं.

महिन्याभराने, भर दुपारी, खालच्या एका तारेचं कवच माझ्यावर घासून फाटलं, तिथला माझा रंगही निघाला आणि ती मला टेकली. वीज माझ्यात शिरली. मावशींचे ओले पाय माझ्यावरच होते! मला कुठलं ओरडता येतंय? पण डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज हिरव्या तारेतून निघून गेली आणि सिग्नलच्या खांबावरच्या पेटीतला ब्रेकर खटकन पडून वीजच बंद झाली.

"बंद पडला मेला सिग्नल!" मावशी करवादल्या आणि गुलाबांवर पाणी मारत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

काका धावतच आले. त्यांनी मला उघडून मावशींना जळका डाग दाखवला.

"अगं बाई! पण मला तर काहीच झालं नाही."

"त्यासाठीच तर बांधलीय ती हिरवी तार!" काका हसले. मावशींनी सगळ्यांत टपोरा गुलाब त्यांच्या खिशाला लावला. त्या दिवशी मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, असं झाकण उघडं दिसलं, तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि मोठे होऊन तुम्हीच कधी तार बांधलीत, तर आधी रंग खरवडा. वर कुणीतरी अनवाणी बसलेलं असतं.