घरभर जितेंद्र

जितेंद्रने सुरतेहून तीन स्पीकर पाठवले, तेव्हा मेहरूणच्या त्या घरात देव आल्यासारखा आनंद झाला. त्याच्या आईने, मंजुळाबाईंनी, खोक्यांना हळदकुंकू वाहिलं. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक त्याच्या बायकोच्या, सारिकाच्या, खोलीत. तिकडे कंपनीत बसल्या बसल्या तो मोबाइलवर बोट ठेवणार की इकडे घरात बोलणार आणि घरातलं ऐकणार. कुणी फोन उचलायची गरजच नाही. सासूला त्याचंच कौतुक, आणि सारिकाला त्याचीच धास्ती.

कारण फोन उचलायचा की नाही, एवढं एकच तर तिच्या हातात होतं. नवरा दिवसभर व्हिडिओ कॉल करायचा. कोण आलं होतं, खिडकी का उघडी, कॅमेरा जरा फिरव. जीव अगदी नकोसा झाला की ती फोन चार्जिंगला लावायची, गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि ऐकूच आलं नाही म्हणायची. इतके कपडे वाळत घालणारी सून अख्ख्या गल्लीत दुसरी नव्हती.

स्पीकर काही जोडले जाईनात. खरं म्हणजे सारिका जोडू देईना. त्यांच्या राउटरची नेटवर्क दोन होती, एक वेगवान पण भिंत आडवी आली की दम सोडणारं, दुसरं हळू पण घरभर पोचणारं. स्पीकरला चालायचं ते फक्त हळू. बीसीए झालेल्या सारिकाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण जोडायला बसली की ती स्वतःचा फोन मुद्दाम वेगवान नेटवर्कवर ठेवायची. स्पीकर बिचारा शोधून शोधून थकायचा आणि लाल दिवा लावून गप्प बसायचा.

"सून शिकेल शे म्हंतस, आन् एक डबडं चालू व्हत नही!" मंजुळाबाई करवादायच्या. सारिका खाली मान घालून ऐकून घ्यायची. एवढी गोड बोलणी तिने त्या घरात कधी खाल्ली नव्हती.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, असंच निभावायचं होतं. आखाजीला लेक माहेरी जाते, न्यायला भाऊ येतो, आणि तेवढं मात्र जितेंद्रही अडवत नव्हता. एकदा पारोळ्याला पोचली की ती सांगणार होती, मी परत जाणार नाही.

भाऊ आला. दीपकचं पारोळ्यात मोबाइलचं दुकान. त्याच्या ताटात मांडे वाढता वाढता मंजुळाबाईंनी स्पीकरचं गाऱ्हाणं घातलं, तशी सारिका पुढे झाली. तिने डोळ्यांनी खुणावलं, राहू दे म्हटलं, बस चुकेल म्हटलं. पण बहिणीच्या सासरी काम सांगितलं की भाऊ नाही म्हणत नाही, उलट त्याला मिरवायला मिळतं.

"ताई, दोन मिनिटनं काम शे. तुना फोनच चुकीना नेटवर्कवर व्हता!" असं म्हणत त्याने फोन हळू नेटवर्कवर घेतला आणि ॲपने मागितलेल्या एकूणएक परवानगीला हो, हो म्हणत गेला. तिन्ही दिवे हिरवे झाले.

"आई, आवाज येतोय का?" तीन खोल्यांतून जितेंद्र एकदम बोलला. मंजुळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दीपकला शाबासकी दिली, चौकशी केली, मग आवाज थांबला.

सारिका बॅग भरायला खोलीत गेली. मागोमाग दीपक आला, अजून हवेतच.

"ताई, दाजी खूश व्हयनात! आपला पारोळाना घरले बी एक धाडतस, म्हने."

सारिकाच्या हातातली साडी गळून पडली. पारोळ्यालाही? तिने दार लोटलं. माहेरी पोचेपर्यंत धीर धरायचं ठरवलं होतं, तो आता धरवेना.

"दीपक, माले परत आठे आनू नको."

"काय व्हयनं? मारतस का तुले?"

"मारत नही रे. पन खिडकी उघडाले बी इचारनं पडस. मी मरी जासू आठे."

"बोल ना, सारिका," कपाटावरच्या स्पीकरमधून आवाज आला. शांत, जवळजवळ प्रेमळ. "थांबलीस का? मी ऐकतोय."

दिवा हिरवाच होता. बोलणं थांबलं म्हणजे फोन ठेवला, असं धरून चालायची तिची जुनी सवय. सगळं तंत्र समजून घेतलेली बाई त्या सवयीने फसली.

तिने भावाकडे पाहिलं. दुकानात भल्याभल्यांना ठणकावून उत्तर देणारा दीपक. पण जावयापुढे मुलीकडच्यांनी आवाज चढवायचा नसतो, हे वडिलांकडे बघत तो लहानाचा मोठा झाला होता. तो चक्क हसला.

"काही नाही हो दाजी," तो कपाटाकडे बघून म्हणाला, "ताई मस्करी करतेय. आखाजी झाली की मीच आणून सोडतो."

"सोडा," जितेंद्र म्हणाला.

सारिकाने पडलेली साडी उचलली, घडी घातली आणि बॅगेची चेन लावली. बस गाठायची घाई आता फक्त दीपकला होती.