बादलीतला गुच्छ

बर्फ्यानं व्हॅन तीनदा धुतली होती. आधी साबणानं, मग सोड्यानं, शेवटी लिंबाच्या सालींनी. तरी आत बसल्यावर मासळीचा वास यायचा तो आलाच. बर्फ्या म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. मासळीबाजारात त्याचा गाळा, हात कायम गार, म्हणून बाजारानं हे नाव ठेवलं आणि घरातही तेच चिकटलं.

"फुलांना नाक नसतं, ताई," तो म्हणाला.

ताई हसली नाही. तिचं सगळं लक्ष मागच्या बादल्यांवर होतं.

फुलं घरची होती. गच्चीवरच्या कुंड्यांत तिनं स्वतः वाढवलेले पांढरे गुलाब आणि फिकट पिवळी शेवंती. अर्धवट उमललेली तेवढीच निवडून सकाळी कापली, देठ तिरपे छाटले, काटे काढले, मानेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवली आणि मग बांधायला बसली. लेकीच्या हातात द्यायचा मोठा गुच्छ, टेबलांवरचे लहान गुच्छ, पाहुण्यांच्या छातीवर टाचायला एकेक कळी. लग्न संध्याकाळी होतं, दुसऱ्या शहरात.

लेक बापाकडे आणि आत्याकडे वाढली. नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा ताईकडे ना घर होतं ना धड पगार. पुढे हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नोकरी लागली, तीही लांबच्या गावी. "या वेळी नक्की येते" असं ती फोनवर म्हणायची आणि ऐन वेळी रजा रद्द व्हायची. आता लग्न ठरलं, हॉल ठरला, कपडे झाले, जेवण ठरलं. कशातच तिला कुणी विचारलं नाही. तेव्हा तिनंच जीव मुठीत धरून म्हटलं, "फुलं मात्र मी आणणार." पलीकडून लेक नुसतं "बरं" म्हणाली. ताईनं त्या एका शब्दावर महिने काढले. त्या लग्नात आईचं म्हणून जे काही होतं, ते या बादल्यांत होतं.

वाटेत पुलाचं काम निघालेलं, त्यामुळे गाड्यांची ही रांग. ऊन काचेतून आत उतरत होतं. ताईनं ओली चादर खिडकीला लावली, फुलांवर पाणी फवारलं, परत फवारलं. मागे पेट्रोलपंपावर ती हात-तोंड धुवायला गेली होती, तेवढ्यात बर्फ्यानं न सांगता बादल्यांत बर्फ टाकून ठेवला होता. तिला बरं वाटलं होतं. भाऊ असावा तर असा, असंही मनात आलं होतं.

रांग सुटली आणि तिनं मागे वळून पाहिलं, तर मोठ्या गुच्छातल्या दोन गुलाबांनी माना टाकलेल्या.

"थांब जरा बाजूला," ती म्हणाली.

रस्त्याकडेला बसून तिनं देठ पुन्हा छाटले. पाणी तापलं असेल म्हणून बर्फ्याच्या खोक्यातला आणखी बर्फ स्वतःच्या हातानं बादल्यांत ओतला. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, ते हे असं. थोडं अंतर गेल्यावर बघते तो शेवंतीच्या पाकळ्या कडेनं तपकिरी झालेल्या आणि टेबलांवरचे गुच्छ निम्मे खाली वाकलेले. काय चुकलं? उशिरा कापली का? घट्ट बांधली का? ती एकेक फूल बोटावर उचलून धरायची, सोडलं की ते परत पडायचं. दरवेळी हेच होतं, तिच्या मनात आलं. मी हात लावते आणि सगळं मातीला मिळतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण रडून फूल ताठ होत नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती परत बर्फ टाकायला वाकली. पाणी उडून ओठांवर आलं. तिनं ते चाटलं आणि तशीच थांबली.

"हा बर्फ कुठला रे?"

"आपल्याच गाळ्यावरचा. चांगला खडे मीठ घालून आणलाय. मीठ घातलं की जास्त गार पडतो, मासा दिवसभर टवटवीत राहतो."

बर्फ्यानं आरशात तिचं तोंड पाहिलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"फुलं मीठ पितात का, ताई?"

"देठानं जे मिळेल ते पितात रे. मी मघापासून पोरीच्या फुलांना खारं पाणी पाजतेय."

सगळ्या नातेवाइकांत या एकट्या बर्फ्यानं तिला गाडीत घातलं होतं, त्यासाठी गाळा बंद ठेवला होता, आणि त्याला येत होतं ते त्यानं जीव लावून केलं होतं. शिव्या द्यायला तोंड उघडलं तरी कुणाला देणार?

गाड्या धुण्याच्या एका दुकानात त्यांनी नळ मागून घेतला. बादल्या उलट्या केल्या, देठ वाहत्या पाण्याखाली धरले, पुन्हा छाटले, मेलेलं सगळं सोडवून टाकलं. बर्फ्या मान खाली घालून दोरे कापत होता. एवढ्या फुलांतून एक मूठभर गुच्छ उभा राहिला. ताईनं तो बादलीत घालून मांडीत धरला आणि उरलेला रस्ता बादलीला गचका बसू नये म्हणून श्वास आवरून बसली. पोचली तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या.

मागच्या खोलीत लेक नटून उभी होती. तिच्यामागे टेबलावर फुलं होती. मोठा गुच्छ, लहान गुच्छ, छातीवर टाचायच्या कळ्या, सगळं दुकानातलं, ताजं, मोजून आणलेलं.

"आत्यानं परवाच सांगून ठेवली होती," लेक म्हणाली.

"बरं केलं." ताईनं बादली मागे घेतली. "माझ्या फुलांचं वाटेत जरा… पुलाचं काम होतं, ऊन होतं, आणि मामाच्या बर्फात मीठ…"

"आई, फुलं कोमेजतील म्हणून नाही मागवली. तू येशील असं मला वाटलंच नव्हतं."

वाटभर तिनं ज्या फुलांची धास्ती घेतली होती, त्यांची इथे कुणी वाटच पाहत नव्हतं.

बाहेरून हाक आली, वेळ झाली होती. लेक मान वर करून डोळ्यांतलं पाणी आवरत होती.

"तू नसलीस तर रडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "असलीस तर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं गं."

ताईनं बादली भिंतीशी ठेवली, हात कोरडे केले आणि टेबलावरचा दुकानातला गुच्छ उचलून लेकीच्या हातात दिला.